पाच माणसे, दोन खोल्या आणि एक जहाज

पत्र:

‘येत्या दिवाळीत माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होतात. त्यानिमित्त दोघांना क्रूझवर न्यावे, असे आम्ही पतिपत्नीने ठरवले आहे. सासरे ७४ वर्षांचे असून माळकरी आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. सासूबाई ७० वर्षांच्या आहेत आणि गुडघेदुखीमुळे त्यांना जिने चढणे अवघड जाते. दोघांनाही कांदा-लसूण चालत नाही. मुलगी ११ वर्षांची, एका जागी न बसणारी. विमानभाड्यासह सहा लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. एजंटाने तीन पर्याय दिले आहेत : मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची लक्षद्वीपची फेरी, सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन कंपनीची किंवा जेंटिंग ड्रीम या जहाजाची चार रात्रींची फेरी, आणि भूमध्य समुद्रातली एमएससी कंपनीची सात रात्रींची सफर. न्यू जर्सीची नणंद म्हणते, रॉयल कॅरिबियन सोडून दुसरीकडे पाहूच नका. यजमानांचे सहकारी म्हणतात, एमएससीइतके स्वस्त कोणी नाही. माहितीपत्रके वाचून डोके भणाणले आहे. तुलना करायची तरी कशी?’

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

तुमच्या नणंदबाई आणि यजमानांचे सहकारी यांची मते वेगळी असली, तरी दोघेही कंपनीच्या नावावरून निवड करू पाहत आहेत, आणि क्रूझच्या बाबतीत नाव हा फारसा उपयोगाचा निकष नाही. तुमच्या यादीतलेच उदाहरण घ्या. कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात दाखल झाले होते. मधली काही वर्षे ते स्पेनच्या पुलमंतुर कंपनीकडे गेले, पुन्हा रॉयल कॅरिबियनकडे आले आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाच्या नावाने मुंबईहून फिरू लागले. जहाज तेच, पण त्यावरचे जेवण, गाणी, बरोबरचे प्रवासी आणि एकूण रीतभात पार बदलली. उलट, नणंदबाई अमेरिकेत बसून ज्या रॉयल कॅरिबियनची शिफारस करत आहेत, तिचे ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेले जहाज पूर्ण भरले की त्यात साडेसात हजार प्रवासी असतात. मायामीहून निघणाऱ्या त्या जहाजाचा अनुभव कितीही उत्तम असला, तरी सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाबद्दल त्यावरून फारसे काही कळत नाही. म्हणून तुलना करायची ती ठरावीक जहाजाची, ठरावीक मार्गाची आणि ठरावीक तारखेची.

माहितीपत्रके काही काळ बाजूला ठेवा आणि एका कागदावर घरातल्या पाचही जणांचा जहाजावरचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत लिहून काढा. सासरे पहाटे उठून हरिपाठ म्हणणार. त्या वेळी ते कुठे बसतील? सासूबाईंना नाश्त्याच्या जागेपर्यंत किती चालावे लागेल? सकाळी दहा वाजता ‘आता काय करू?’ असे मुलीने विचारले, तर तुमच्याकडे काय उत्तर असेल? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जहाज बंदराला लागले की पाचांपैकी किती जण खाली उतरतील आणि किती जण जहाजावरच राहतील? तुमच्या पत्रावरून माझा अंदाज असा, की दोन ज्येष्ठ बराच वेळ जहाजावरच घालवतील आणि मुलीलाही बंदरापेक्षा घसरगुंड्यांमध्ये अधिक रस असेल. असे असेल, तर तुमच्यासाठी जहाज हेच सहलीचे ठिकाण आहे आणि ज्या सफरीत रोज नवे बंदर येते तिचे निम्मे पैसे तुम्ही न पाहिलेल्या शहरांसाठी मोजाल.

या कसोटीवर भूमध्य समुद्राचा पर्याय लगेच मागे पडतो. बार्सिलोना, मार्सेय, जेनोवा, नेपल्स ही नावे मोहात पाडणारी आहेत, यात शंका नाही. पण या सफरीचा सगळा अर्थ किनाऱ्यावर उतरण्यात आहे. ‘रोम’ म्हणून ज्या बंदरात जहाज थांबते ते चिविताव्हेक्किया रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर आहे. तिथून आगगाडीने किंवा बसने जायचे, उन्हातान्हात फरशीच्या रस्त्यांवरून चालायचे आणि घड्याळाकडे पाहत परतायचे, हे गुडघेदुखीच्या माणसाला सलग सात दिवस सोसणारे नाही. शिवाय दिवाळीच्या सुमारास तिथे थंडी-पाऊस सुरू होतो आणि बरीच जहाजे कॅरिबियन किंवा आखाताकडे निघून जातात. शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठीच्या सामाईक व्हिसाचे, शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आणि तुमच्या मुलीच्या वयासाठी ४५ युरो आहे. पाच जणांचे विमानभाडे त्यात मिळवले, तर सहा लाखांतला मोठा वाटा जहाजाचे तोंड पाहण्याआधीच संपेल. एमएससी स्वस्त वाटते ती इटलीत किंवा स्पेनमध्ये राहणाऱ्याला. तिथल्या जहाजांवर रात्री जेवताना घेतलेल्या बाटलीबंद पाण्याचेही पैसे वेगळे लागतात. आपल्याकडच्या पाहुण्याला पहिल्या रात्री याचा जो धक्का बसतो, तो बिलाच्या रकमेपेक्षा मोठा असतो.

लक्षद्वीपच्या पर्यायावर अधिक विचार करावा लागेल, कारण वरवर पाहता तो तुमच्यासाठीच बनल्यासारखा दिसतो. विमान नाही, व्हिसा नाही, व्यवहार रुपयांत, स्वयंपाक भारतीय. अडचण आहे ती बेटावर उतरण्याची. लक्षद्वीपच्या बेटांना प्रवाळाच्या उथळ पाण्याचा वेढा असल्याने मोठे जहाज धक्क्याला लागू शकत नाही. ते खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लाँचमधून बेटावर नेतात. सासऱ्यांनी भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची आगबोट पाहिली असेल, तर मालवण-देवगडला ती आत समुद्रात उभी राहायची आणि उतारू पडावातून, म्हणजे होडीतून, किनाऱ्याला लागायचे, हे त्यांना आठवत असेल. आजही प्रकार तोच आहे, फक्त पडावाला इंजिन आले आहे. जहाजाच्या तळाजवळच्या दारातून बाहेर पाऊल टाकायचे असते, तेव्हा समोरची लाँच लाटेबरोबर हात-दीड हात वर-खाली होत असते. खलाशी दोन्ही दंड धरून उभे असतात आणि लाँच वर आली की ‘आता’ म्हणतात. त्या एका क्षणात गुडघ्याने साथ द्यावी लागते. तरुणांना यात गंमत वाटते. सासूबाईंना मात्र हेच चार वेळा करावे लागले, तर उरलेला दिवस त्या खोलीतच काढतील. समुद्र खवळलेला असेल, तर बेटावर उतरणेच रद्द होऊ शकते. हवामानामुळे बंदर गाळण्याचा हक्क जवळजवळ प्रत्येक कंपनी करारात राखून ठेवते आणि त्याबद्दल भाड्याची रक्कम परत मिळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्र एरवी शांत असला, तरी चक्रीवादळांचे हे दिवस असतात, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरे असे, की एम्प्रेस हे जुन्या बांधणीचे, आजच्या मानाने लहान जहाज आहे. बाल्कनी असलेल्या खोल्या त्यावर मोजक्याच असून त्या महागड्या श्रेणीतल्या आहेत. सुट्टीच्या दिवसांत मित्रमंडळींचे आणि कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे मोठे गट येतात, डीजे रात्री उशिरापर्यंत चालतो आणि वातावरण लग्नाच्या वऱ्हाडासारखे असते. मला ते वाईट वाटत नाही; काही कुटुंबांना नेमके तेच हवे असते. पण तुमच्या सासऱ्यांना हरिपाठासाठी शांत कोपरा शोधावा लागेल. मुंबई–गोवा ही कॉर्डेलियाची छोटी फेरी मात्र वेगळी आहे. गोव्यात जहाज मुरगावच्या धक्क्याला लागते आणि माणूस शिडीवरून चालत उतरतो. सासू-सासऱ्यांना बोट लागते का, हे तुम्हाला मुळीच ठाऊक नसेल आणि परदेशी सफरीवर एवढे पैसे टाकण्याची धास्ती वाटत असेल, तर आधी ही फेरी करून पाहण्यात शहाणपण आहे.

उरला सिंगापूरचा पर्याय. माझ्या मते तुम्ही तोच घ्यावा, पण कोणता मार्ग निवडता यावर बरेच काही अवलंबून आहे. सिंगापूरहून निघणारी जहाजे मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वर जातात. एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलेशियाचा किनारा असल्याने हे पाणी खुल्या समुद्रापेक्षा पुष्कळ निवांत असते. नोव्हेंबरात पाऊस पडतो, पण जहाज हेलकावे खाण्याचा त्रास कमी होतो. या मार्गावर मलेशियातली पोर्ट क्लांग व पेनांग आणि थायलंडमधले फुकेत ही नेहमीची बंदरे. पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअर या धक्क्याला लागते आणि जॉर्जटाउनची जुनी वस्ती तिथून चालण्याच्या अंतरावर आहे. युनेस्कोने २००८ साली जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या या वस्तीत तमिळ व्यापाऱ्यांची ‘लिटल इंडिया’ आहे, मारियम्मनचे देऊळ आहे आणि शाकाहारी उपाहारगृहेही आहेत. सासूबाई तिथे सायकलरिक्षात बसून तासाभराने परतल्या, तरी त्यांचा दिवस साजरा होईल. फुकेतला मात्र मोठी जहाजे पाटोंगच्या उपसागरात नांगर टाकतात आणि पुन्हा तीच लाँच पुढ्यात येते. पोर्ट क्लांगला धक्का आहे, पण क्वालालंपूर शहर तिथून तासाभराहून अधिक लांब. म्हणून एजंटाला ‘सिंगापूरची क्रूझ’ असे मोघम न सांगता, पेनांगला धक्क्यावर थांबणारी आणि एक पूर्ण दिवस समुद्रात असणारी फेरी मागा. सोबत फुकेत येत असेल, तर त्या दिवशी तुम्ही आणि मुलगी उतरा. ज्येष्ठांना रिकामे झालेले जहाज मनमुराद उपभोगू द्या.

रॉयल कॅरिबियन आणि जेंटिंग ड्रीम यांतले अंतर तुमच्या मुलीच्या आणि सासऱ्यांच्या आवडीतल्या अंतराइतकेच आहे. रॉयल कॅरिबियन सिंगापूरला जी क्वांटम श्रेणीची जहाजे पाठवते, त्यांवर कृत्रिम लाटेवर सर्फिंग करता येते, हवेच्या झोतावर तरंगता येते आणि नॉर्थ स्टार नावाच्या काचेच्या पाळण्यातून समुद्रापासून शंभर मीटरांच्या आसपास उंचीवर जाता येते. यांतल्या काही गोष्टी भाड्यात येतात, काहींना वेगळे पैसे किंवा आगाऊ नोंदणी लागते. पण ही जहाजे सुमारे ३४८ मीटर लांब आहेत. खोली एका टोकाला आणि जेवणाची जागा दुसऱ्या टोकाला असेल, तर सासूबाईंची रोजची चाल मुंबईच्या एखाद्या लांबलचक रेल्वे फलाटावरून जाण्यापेक्षा अधिक होईल. जेंटिंग ड्रीम २०१६ साली बांधले गेले; २०२२ मध्ये रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या कंपनीने ते सिंगापूरहून चालवायला सुरुवात केली. आकाराने ते थोडे लहान असून त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या आणि दोरखंडावरचे खेळ आहेत. भारतीय प्रवाशांची वर्दळ मोठी असल्याने भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय हे या जहाजाचे जाहीर वैशिष्ट्यच आहे. ज्या घरात कांदा-लसूण वर्ज्य आहे, त्या घरासाठी हा मुद्दा सर्फिंगहून मोठा. जहाजावर कॅसिनो आहे, पण त्या मजल्याकडे न फिरकता चार दिवस काढता येतात. मुलगी पंधरा वर्षांची असती तर मी कदाचित रॉयल कॅरिबियन सुचवले असते. अकरा वर्षांच्या मुलीला जेंटिंग ड्रीम पुरेसे आहे. मुलांच्या क्लबची वयोमर्यादा बहुतेक ठिकाणी बारा वर्षांच्या आसपास बदलते, तेव्हा प्रवासाच्या तारखेला ती कोणत्या गटात बसेल, हे आधी विचारून घ्या.

आता खोल्यांविषयी, कारण या बाबतीत बहुतेक कुटुंबे चुकीच्या जागी काटकसर करतात. पाच जणांना दोन खोल्या लागतील. एजंट तुम्हाला दोन्ही एकाच श्रेणीच्या देऊ पाहील. तसे करू नका. बाल्कनीची खोली सासू-सासऱ्यांना द्या आणि तुम्ही तिघे आतली, खिडकी नसलेली खोली घ्या. तुम्ही खोलीत फक्त झोपायला जाणार आहात. सासरे मात्र पहाटे बाल्कनीत बसू शकले, तर त्यांना दुसऱ्या कशाचीच गरज भासणार नाही, आणि सासूबाईंनाही गर्दीत न जाता समुद्र दिसेल. एका खोलीतल्या तिसऱ्या माणसाचे भाडे पहिल्या दोघांपेक्षा सहसा कमी असते, त्यामुळे मुलीला तुमच्या खोलीत ठेवणे परवडते. दोन्ही खोल्या समोरासमोर, जहाजाच्या मध्यभागी आणि लिफ्टजवळ असाव्यात, असे लेखी कळवा. मध्यभागी हेलकावे कमी जाणवतात, म्हणजे बोट लागण्याची भीतीही कमी. ‘गॅरंटी’ या नावाने स्वस्तात मिळणारी खोली घेऊ नका. तिथे खोलीचा क्रमांक कंपनी ठरवते आणि तुमचे दोन मजले वेगळे होऊ शकतात. चढण्या-उतरण्याच्या वेळी चाकांची खुर्ची मिळते, पण ती आरक्षण करतानाच मागावी लागते.

माहितीपत्रकावरचे भाडे म्हणजे एकूण खर्च नव्हे, हे तुम्ही ओळखले असेलच. त्यात बंदर शुल्क आणि कर धरले आहेत का, हे आधी पाहा. त्यानंतर येते ती कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिशी. तिच्याकडे आपल्याकडचे प्रवासी हमखास दुर्लक्ष करतात. आंतरराष्ट्रीय जहाजांवर ती दरडोई दररात्र साधारण १६ ते २० डॉलर असते आणि लहान मुलांनाही बहुधा लागू होते. मधला १८ डॉलरचा दर धरला, तरी पाच जणांचे चार रात्रींचे ३६० डॉलर होतात, म्हणजे तीस हजार रुपयांच्या वर. जहाजावर प्रत्येक खर्च खोलीच्या कार्डावर टाकला जातो आणि शेवटच्या सकाळी एकत्रित बिल दारात येते. ते वाचून चेहरा उतरू नये, म्हणून बक्षिशी भरलेली आहे की नाही, हे आताच विचारा. मद्याचे पॅकेज तुम्हाला नको असेल, आणि ते नको म्हणणे सोपे आहे. इंटरनेट मात्र महाग असते. समुद्रात असताना फोन विमान-मोडवर ठेवला नाही, तर जहाजाच्या उपग्रह जाळ्यावरून रोमिंग सुरू होते आणि एका व्हिडिओ कॉलची किंमत एखाद्या जेवणाइतकी पडू शकते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर जीएसटीबरोबर टीसीएसही, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकरही, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण आरंभी हातातून जातोच. तीनही पर्यायांची ही सगळी बेरीज करून तिला रात्रींच्या संख्येने भागा, आणि मगच स्वस्त कोण ते ठरवा.

जेवणाबाबत एक सूचना. ‘जैन जेवण’ एवढेच लिहून थांबू नका. कांदा-लसूण नको पण बटाटा चालतो, असे स्पष्ट कळवा, नाहीतर चार दिवस बटाट्याशिवायची भाजी समोर येईल. तुमच्या तारखांत कार्तिकी एकादशी येत असेल, तर दूध, दही, फळे आणि उकडलेले बटाटे यांवर दिवस निघतो. राजगिऱ्याचे लाडू दुकानातले, सीलबंद न्या, कारण घरी केलेले पदार्थ बऱ्याच जहाजांवर चढू देत नाहीत. पाणी तापवण्याची किटली, इस्त्री, राइस कुकर या वस्तू चढतानाच काढून घेतल्या जातात. उदबत्ती, निरांजन आणि पणती यांनाही आगीच्या भीतीने सक्त मनाई आहे, त्यामुळे सुवर्णमहोत्सवाच्या औक्षणासाठी बॅटरीवरचे दिवे बरोबर ठेवा. लग्नाचा वाढदिवस असल्याचे आधी कळवले, तर जेवणाच्या वेळी केक मिळतो. तो बिनअंड्याचा हवा, हेही त्याच वेळी सांगा.

व्हिसाची बाजू सिंगापूरच्या मार्गावर तुलनेने सोपी आहे. जहाज सिंगापूर सोडून पुन्हा तिथेच येत असल्याने प्रवेश एकापेक्षा अधिक वेळा करता येईल असा व्हिसा आहे ना, एवढे पडताळा. मलेशिया आणि थायलंडचे भारतीयांसाठीचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच शिथिल झाले असले, तरी तिकीट काढण्याच्या दिवशी पुन्हा तपासा. पाचही पारपत्रांची मुदत परतीनंतर सहा महिने तरी शिल्लक असावी. जहाज ज्या दिवशी सुटणार, त्याच दिवशी सकाळी सिंगापूरला उतरणारे विमान घेऊ नका; एक रात्र आधी पोहोचा.

शेवटी विम्याविषयी. जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर असतात, पण तिथले उपचार भाड्यात येत नाहीत आणि गरज पडल्यास रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च फार मोठा असतो. प्रवास विमा घेताना तो क्रूझला लागू आहे आणि सासऱ्यांच्या हृदयविकाराचा त्यात उल्लेख आहे, याची खात्री करा. हप्ता वाढेल म्हणून अँजिओप्लास्टीची माहिती लपवली, तर दावा फेटाळला जातो. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना प्रवासाच्या महिनाभर आधी भेटून प्रवासास हरकत नसल्याचे पत्र घ्या, आणि बोट लागू नये म्हणूनच्या गोळ्या त्यांच्या रोजच्या औषधांबरोबर चालतील का, हेही त्याच भेटीत विचारा. औषधे दुप्पट घ्या व हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा चढताना वेगळ्या नेल्या जातात आणि खोलीवर यायला संध्याकाळ होते.